टोंगळा शोधायचा असेल तर दाते-कर्वे उघडा

मी साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. नोकरी अमरावती जिल्ह्यात लागली तेव्हा मराठीच तर बोलायचंय, म्हणून निर्धास्त होते. पहिल्याच आठवड्यात एक आजी खुर्चीत टेकत म्हणाल्या, "काय सांगू वं बाई, टोंगळा लय दुखते. खाली बसनं होत नाही." त्यांचा हात गुडघ्यावर होता म्हणून कळलं. फोनवर सांगितलं असतं तर काय केलं असतं? शाळेपासून जपलेल्या माझ्या छोट्या कोशात टोंगळा नव्हता.

दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त मिळाला. तेव्हापासून तो रोज उघडते. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते शब्दापुढचे छोटे कंस. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (खा.) खानदेशी, (कु.) कुडाळी, (गो.) गोमंतकी. म्हणजे शब्द अशुद्ध नाही, त्याला गाव आहे. दवाखान्यात गावाकडचं बोलताना माणसं ओशाळतात, तेव्हा मला हे कंस आठवतात.

एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी होती; पंधरा दिवस वाया गेले. कोश जुन्या लेखनपद्धतीचा आहे, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचा. आपण बोलताना शेवटी ‘अं’ म्हणतो तिथे त्यात ‘एं’ असतं. ‘डोस्कं’ टाकून काही हाती लागेना. ‘डोसकें’ टाकलं आणि लागलीच सापडलं. भांडं असेल तर भांडें, केळं असेल तर केळें. ऐकलेला शब्द असा जुन्या वेशात घालून बघा. तरी नाही मिळाला तर उलटं शोधा: नुसत्या शब्दांत न शोधता अर्थांच्या मजकुरात ‘गुडघा’ टाका. ज्या ज्या नोंदीच्या अर्थात गुडघा आलाय त्या सगळ्या समोर येतात. नवख्या भागात कामाला लागलेल्या डॉक्टर, नर्स, शिक्षक, तलाठी, सगळ्यांना मी हीच युक्ती सांगते.

आजचं सगळं त्यात मिळणार नाही, हे उघड आहे. "मागच्या महिन्यात बाटली लावली होती" म्हणजे सलाईन चढवलं होतं, हे १९३८ ला पुरा झालेला कोश कुठून सांगणार? तिथे समोरच्या माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारलं की माणसं आवडीने सांगतात. असे शब्द मी केसपेपरच्या शेजारी ठेवलेल्या वहीत उतरवते आणि पुढे कंसात त्या रुग्णाच्या गावाचं नाव लिहिते.