युक्सिल पीई ९०१०: क्रीम-लोशनला उत्तम, बुरशीपुढे मात्र जोडीदार हवा

छोट्या प्रमाणावर क्रीम-लोशन बनवणाऱ्यांनी पहिलं प्रिझर्व्हेटिव्ह (जंतूंपासून माल राखणारं रसायन) म्हणून बिनधास्त युक्सिल पीई ९०१० घ्यावं. ९० टक्के फिनॉक्सीइथेनॉल आणि १० टक्के इथाइलहेक्सिलग्लिसरिन, बस. द्रवरूप, जवळजवळ रंगहीन, वास अगदी मंद. शिवाय पीएचची कटकट नाही: पोटॅशियम सॉर्बेट हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह ५.५ पीएचच्या वर ढिलं पडतं, युक्सिल मात्र आम्लधर्मी टोनरमध्येही चालतं आणि अल्कधर्मी फेसवॉशमध्येही.

प्रमाण वजनावर ०.५ ते १.१ टक्के. युरोपात फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे, आणि १.१ टक्के मिश्रणात ते ०.९९ टक्के भरतं. पाणी भरपूर असलेल्या १०० ग्रॅम लोशनला १ ग्रॅम टाका. थेंब मोजू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. सिरिंजने १ मिली घेतलंत तर वजन सुमारे १.१ ग्रॅम भरतं, म्हणजे थेट मर्यादेवर.

इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) ४० अंश सेल्सियसखाली उतरलं की टाका आणि दोन-तीन मिनिटं नीट ढवळा. द्रव पाण्यापेक्षा जड आहे. न ढवळता सोडलात तर बीकरच्या तळाशी तेलकट मणी साचलेले दिसतील, आणि वरचा माल राखणीविना राहील. उष्णता ते स्वतः सोसतं, पण गरम तेलात ओतलं तर बरंचसं तेलातच अडकतं, जंतू मात्र पाण्यात वाढतात. तेल जास्त असलेल्या जाड क्रीमला म्हणूनच ०.५ टक्के पुरत नाही. पॉलिसॉर्बेट (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) भरपूर असेल तरी हीच अडचण: त्याचे मायसेल, म्हणजे पाण्यात बनणारे सूक्ष्म गोळे, प्रिझर्व्हेटिव्ह गिळून बसतात. पारदर्शक टोनर धुरकट झाला तर ते आधी प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये मिसळून घ्या. मिठाने घट्ट केलेला शाम्पू यामुळे पातळ होतो, तेव्हा मीठ शेवटी ठरवा.

खरी उणीव बुरशीची. जिवाणूंवर पकड चांगली, यीस्ट आणि बुरशीवर त्या मानाने कमी. कोरफडीचा गर, वनस्पतींचे अर्क किंवा मुलतानी माती असलेल्या ओल्या मालात एकट्या याच्यावर भिस्त ठेवू नका. पीएच ५ च्या आसपास आणून ०.२ ते ०.३ टक्के पोटॅशियम सॉर्बेट आणि ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए (धातूंचे अंश बांधून प्रिझर्व्हेटिव्हला जोर देणारं रसायन) जोडा. व्हिटॅमिन ई याची जागा घेत नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. बिनपाण्याच्या बाममध्ये मात्र प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही.

लहान मुलांबाबत: फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये लंगोटाच्या जागी लावायच्या क्रीममध्ये फिनॉक्सीइथेनॉल टाळायला सांगितलं होतं. युरोपीय वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये १ टक्का सर्व वयांसाठी सुरक्षित ठरवला. तरी लंगोटाच्या क्रीमला दुसरं काही मिळत असेल तर आम्ही तेच घेऊ.

सुट्या बाटलीत भरून ‘नैसर्गिक’ म्हणून विकणाऱ्याकडून घेऊ नका. हे कारखान्यात तयार होणारं रसायन आहे. बॅच नंबर आणि विश्लेषण प्रमाणपत्र मागा. साठवण काचेत किंवा एचडीपीईत (जाड, टणक पॉलिथिन) करा, पॉलिस्टायरीनचं भांडं ते मऊ करतं.