पाठीवरच्या बुरशीच्या पुळ्या: शाम्पू की कॅप्सूल?

पाठीवरच्या पुळ्या मुरूम नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे आल्यात, हे कळेपर्यंत माझा अख्खा पावसाळा गेला. मोहरीएवढ्या, सगळ्या एकाच मापाच्या, काळं टोक एकीलाही नाही, आणि घाम आला की खाज. मुरूम समजून डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध घेतलं, तर त्या छातीवरही उतरल्या. जिवाणू मरतात, यीस्टला रान मोकळं मिळतं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी एक पुळी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि दोन वाटा सांगितल्या: २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू पाठीला लावणं, नाहीतर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल.

आधी कॅप्सूल घेतल्या, कारण कष्ट कमी. गुणही लवकर येतो, हे मान्य करायलाच हवं. चार-पाच दिवसांत खाज गेली. पण ही कॅप्सूल पोटभर जेवणावर घ्यायची, आणि ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. मी तर रोज सकाळी आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी घेणारा माणूस. ती बंद केली तर तिसऱ्या रात्री छातीत जळजळ. डॉक्टरांनी मग कॅप्सूल कोलाबरोबर घ्यायला सांगितली. ही थट्टा नव्हे, आम्ल कमी असलेल्यांना हा उपाय खरंच सांगतात. पण अ‍ॅसिडिटीवाल्याने हुमण-भात जेवून वर कोला प्यायचा! दहाव्या दिवशी मी हात टेकले. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांना, यकृताचा किंवा हृदय निकामी होण्याचा त्रास असलेल्यांना तर ही वाट बहुधा बंदच.

शाम्पूचा वैताग वेगळा. फेस पाठीवर पाच मिनिटं ठेवायचा आणि आपला हात काही पाठीच्या मध्यावर पोहोचत नाही. मी जुना पंचा ओला करून त्यावर शाम्पू ओततो, दोन्ही टोकं धरून पाठीवर आडवा ओढतो आणि नळाकडे बघत उभा राहतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही. महिन्याभरात पाठ साफ झाली.

हे यीस्ट आपल्या त्वचेवर राहतंच, त्यामुळे औषध थांबवलं की पुळ्या परत येऊ शकतात. फोंड्याहून पणजीला स्कूटरवर जाताना रेनकोटच्या आत बनियन पिळण्याइतकं भिजतं. पोचल्या पोचल्या ते बदलतो. आईचं खोबरेल मात्र पाठीपुरतं बंद केलं, कारण तेलातली स्निग्धाम्लं हेच या यीस्टचं खाणं. आई अजून रुसलेली आहे.

पुळ्या कमरेपर्यंत पसरल्या असतील आणि पोट धड असेल, तर डॉक्टर कॅप्सूलच देतील आणि ते बरोबरच असेल. माझ्यापुरतं सांगायचं, तर दर रविवारी पंचा ओला होतो.