काचेचा लॅक्टोमीटर: घ्यावा, पण मर्यादा ओळखून
घरी दूध तपासायला हा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगून त्याची घनता दाखवणारं खुणांच्या दांडीचं उपकरण, जरूर घ्यावा. घनता जास्त असेल तर थोडंच दूध बाजूला सारून लॅक्टोमीटरचं वजन पेललं जातं, म्हणून दांडी वर राहते. दांडीवरचा २८ हा आकडा म्हणजे घनता १.०२८. दूध हलकेच ढवळून उंच नळीत काठोकाठ भरा. दांडी नळीच्या काचेला टेकली की आकडा चुकतो. खुणा १५.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या दुधासाठी आखलेल्या असतील, तर दुधाच्या त्यापुढच्या दर अंशाला आकड्यात सुमारे ०.२ मिळवा. धारोष्ण दुधात हवा अडकलेली असते, आकडा कमी येतो. तासभर तरी थांबा. मोठी उणीव एकच: पाण्याने आकडा उतरतो, साय काढल्याने चढतो. दोन्ही केलं की भेसळ लपते! फॅटची तपासणी वेगळी करावीच लागते. दांडीतली कागदी पट्टी सरकलेली नाही ना, हे दुकानातच पाहा.