बॅकअपमधून सगळंच परत आणू नका: रिस्टिकसोबतचे नऊ महिने

नोव्हेंबर २०२४ मध्ये, कापसाचा हंगाम भरात असताना, दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये माझ्या हातून ६३ गाड्यांच्या काटापावत्या पुसल्या गेल्या. बॅकअप नव्हता असं नाही. रोज रात्रीचा पूर्ण बॅकअप होता, आणि त्या पावत्या पुसल्या त्या बॅकअपनेच.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली, दुसरीवर पोस्टग्रेसचा डेटाबेस. दुपारी बाराच्या सुमारास सिस्टिमची एसएसडी गेली. दुसरी डिस्क ठणठणीत होती. सकाळपासून काट्यावर चढलेल्या प्रत्येक गाडीचं भरलं वजन, रिकामं वजन, कापसाची प्रत, भाव, सगळं तिच्यावर होतं. मी नवी एसएसडी लावली, डेबियन टाकला, दुसरी डिस्क जागेवर जोडली आणि आदल्या रात्रीच्या बॅकअपची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) सरळ मुळावर, म्हणजे / वर उलगडली. टारने सांगितलं तसंच केलं. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये मेलेल्या एसएसडीचे यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, परत आले आणि पुढच्या रीबूटला मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं. तेवढं अर्ध्या तासात निस्तरलं. पण तोवर डेटाबेसच्या फोल्डरवर रात्रीच्या फाइली येऊन बसल्या होत्या. डेटाबेस कसाबसा उठला तो काल रात्रीचा होता. आजची सकाळ त्यात नव्हती.

दिवाणजींनी पावतीबुकाच्या स्थळप्रती काढल्या आणि रात्री दहापर्यंत एकेक नोंद पुन्हा भरली. बाहेर थंडीत ट्रॅक्टरच्या रांगेत माणसं बसून होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, ‘भाऊ, मायी गाडी सकायपासून उभी हाये. पट्टी कधी भेटन?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावरही तो माणूस डोळ्यांपुढून हलेना.

बॅकअप घेण्याबद्दल सगळे बोलतात. परत आणताना काय आणायचं, काय जागच्या जागी राहू द्यायचं आणि काय बाजूला ठेवून आधी तपासायचं, हे मी त्या दिवसापर्यंत कधी ठरवलंच नव्हतं. डिसेंबरपासून जिनिंगच्या सर्व्हरवर आणि जवळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या मशीनवर रिस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावलं. ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या काळात तीनदा खरोखर रिस्टोअर करावं, म्हणजे बॅकअपमधून परत आणावं लागलं, सरावासाठी केलेले वेगळे. त्यावरून लिहितो आहे.

रिस्टिक ही एकच बायनरी फाइल आहे, गो भाषेत लिहिलेली, मोफत आणि मुक्त. बॅकअप एन्क्रिप्ट होतो, बदललेले तुकडेच पाठवले जातात, आणि प्रत्येक बॅकअप हा एक स्वतंत्र स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळचं पूर्ण चित्र असतो. एवढं कुठेही वाचायला मिळेल. मी ते निवडलं ते जुलै २०२४ मध्ये आलेल्या ०.१७ या आवृत्तीमुळे. त्या आवृत्तीत रिस्टोअरवरचा ताबा खऱ्या अर्थाने वापरणाऱ्याच्या हातात आला. हे ध्यानात ठेवा, कारण डेबियन १२ च्या भांडारात ०.१४ आहे आणि मी पुढे सांगतो त्यातले बरेच पर्याय तिच्यात नाहीत. प्रकल्पाची अधिकृत बायनरी घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ०.१८ आहे, तिथे ही अडचण नाही.

सगळ्यात महत्त्वाचा पर्याय म्हणजे ओव्हरराइट. जागेवर आधीच फाइल असेल तर काय करायचं, हे त्यात सांगता येतं. ‘ऑलवेज’ म्हणजे बॅकअपमधली फाइल वर बसवायची. ‘इफ-चेंज्ड’ म्हणजे आकार आणि बदलाची वेळ जुळत असेल तर फाइल तीच आहे असं धरून सोडून द्यायची. ‘इफ-न्यूअर’ म्हणजे बॅकअपमधली प्रत जास्त ताजी असेल तरच बसवायची. आणि ‘नेव्हर’ म्हणजे असलेल्या फाइलीला हातच लावायचा नाही, नसलेल्या तेवढ्या आणायच्या. काहीही सांगितलं नाही तर रिस्टिक ‘ऑलवेज’ धरतं. हे मला पसंत नाही. घाईत, घाम फुटलेल्या अवस्थेत माणूस सगळ्यात लहान कमांड मारतो, आणि इथे सगळ्यात लहान कमांड सगळ्यात जास्त फाइलींवर लिहिते. म्हणून मी दोन्ही मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. तिच्यात ‘नेव्हर’ आधीच लिहिलेलं आहे. दुसरं काही हवं असेल तर मुद्दाम टाइप करावं लागतं.

नोव्हेंबरमध्ये ‘नेव्हर’ असतं तर त्या ६३ पावत्या वाचल्या असत्या का? फाइल पातळीवर पाहिलं तर पूर्णपणे नाही. डेटाबेसच्या फोल्डरमध्ये जुन्या नव्या फाइलींची सरमिसळ झाली असती, आणि ते कदाचित जास्त वाईट ठरलं असतं. खरं उत्तर हे की चालू डेटाबेसचं फोल्डर रिस्टोअरच्या यादीत असायलाच नको होतं. आता ते बॅकअपमध्येच जात नाही. त्याऐवजी हंगामात दर तासाला पीजी-डंप (पोस्टग्रेसचा डेटा एका फाइलमध्ये उतरवणारी कमांड) चालतो आणि त्याचं आउटपुट थेट रिस्टिक उचलतं. ‘स्टडइन-फ्रॉम-कमांड’ हा पर्यायही ०.१७ चाच. आधीच्या पाइपच्या पद्धतीत डंप अर्ध्यावर मेला तरी अर्धवट फाइलचा स्नॅपशॉट बिनबोभाट तयार व्हायचा. आता डंप फसला तर रिस्टिकही फसतं आणि मला मेसेज येतो.

यादीबद्दल. रिस्टोअरला इन्क्लूड (एवढंच आण) आणि एक्सक्लूड (एवढं सोड) दोन्ही आहेत, पण एका वेळी एकच. ‘पूर्ण ईटीसी (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) आण, फक्त एफएसटॅब सोड’ हे एक्सक्लूडने जमतं. ‘ईटीसी आणि एसआरव्ही एवढंच आण, त्यातून या चार फाइली वगळ’ हे एका फेरीत जमत नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. नंतर मी एक्सक्लूड जवळजवळ सोडूनच दिलं. काय नको याची यादी कधीच पूर्ण होत नाही. एफएसटॅब आठवतो, मशीन-आयडी आठवतो, नेटवर्क कार्डाच्या नावाची फाइल आठवते, पण स्वॅपचा यूयूआयडी इनिटरॅमएफएसच्या रिझ्यूम फाइलमध्येही बसलेला असतो हे संकटाच्या वेळी कोणाला आठवणार? काय हवं ते मात्र शांतपणे बसून लिहिता येतं. माझी जिनिंगची इन्क्लूड फाइल जेमतेम चौदा ओळींची आहे. होम, एसआरव्ही, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मांडणी, क्रॉनच्या (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या) नोंदी, यूझर-लोकलमधल्या माझ्या स्क्रिप्ट, काट्याच्या सॉफ्टवेअरची सेटिंग आणि असंच थोडंफार.

पॅटर्न लिहिताना सुरुवातीची तिरपी रेघ विसरू नका. ‘/ईटीसी/एनजिनएक्स’ लिहिलं तर तेवढंच येतं. नुसतं ‘एनजिनएक्स’ लिहिलं तर त्या नावाचं जे जे कुठे आहे ते सगळं येतं, व्हारमधल्या लॉगपासून यूझर-शेअरमधल्या पानांपर्यंत. सरावाच्या वेळी मला हे कळलं, म्हणून निभावलं.

बाकीची ईटीसी मी थेट जागेवर आणत नाही. स्नॅपशॉटच्या नावापुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन आतलं फोल्डर सांगता येतं, आणि मग तेच फोल्डर मूळ धरून रिस्टोअर होतं. जुनी ईटीसी मी रूटच्या घरात ‘जुनी-ईटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरवतो, नव्या ईटीसीशी डिफ करतो, म्हणजे फरक ताडून पाहतो, आणि लागेल ती ओळ हाताने उचलतो. वेळ लागतो, पण नवं मशीन नवंच राहतं.

पासवर्ड आणि ग्रुपच्या फाइलींना तर हे फारच लागू आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत रिस्टिक फाइलीचा मालक अंकाने बसवतं, नावाने नाही. जुन्या मशीनवर दिवाणजींचा क्रमांक १००३ होता. नव्यावर १००३ वर काटेवाल्याचं खातं झालं होतं, आणि हिशेबाच्या सगळ्या फाइली त्याच्या नावावर गेल्या असत्या. आता आधी जुनी पासवर्ड फाइल बाजूला उतरवून बघायची, त्याच क्रमांकांनी माणसांची खाती करायची, आणि मगच होम आणायचं. जुनी पासवर्ड फाइल आहे तशी वर बसवू नका. पोस्टग्रेससारख्या सेवांच्या खात्यांचे क्रमांक नव्या मशीनवर वेगळे असू शकतात.

ड्राय-रनबद्दल मात्र मी मनापासून चांगलंच बोलेन. खरं काही न लिहिता, कोणती फाइल नवी येईल, कोणती बदलेल, कोणती आहे तशी राहील, हे ओळीने दाखवतं. त्यासाठी व्हर्बोज (सविस्तर सांग) हा पर्याय दोनदा द्यावा लागतो. आता ड्राय-रनची यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी एकही रिस्टोअर करत नाही. डिलीट हा पर्याय तर ड्राय-रनशिवाय वापरूच नये. बॅकअपमध्ये नसलेल्या फाइली तो जागेवरून काढून टाकतो. एनजिनएक्सच्या साइट्सच्या फोल्डरमध्ये नव्या इन्स्टॉलची डीफॉल्ट फाइल शिल्लक राहून गोंधळ घालत होती, तिथे तो उपयोगी पडला. बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला आहे. टार्गेट / असेल आणि डिलीट मागितलं असेल तर इन्क्लूड किंवा एक्सक्लूड दिल्याशिवाय रिस्टिक पुढे सरकतच नाही. हा अडथळा कोणाची तरी अख्खी सिस्टिम वाचवेल.

जानेवारीत पहिली खरी परीक्षा झाली. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ७५२१ आणि मध्यम धाग्याला ७१२१ रुपये क्विंटल होता. संदर्भासाठी तो भावाच्या तक्त्यात घालताना कोणत्या नोंदी बदलायच्या ही अट राहून गेली, आणि हंगामाच्या सुरुवातीपासूनचे सगळे भाव ७१२१ झाले. सकाळचे साडेअकरा वाजले होते, काटा चालू होता. पूर्ण डेटाबेस मागे नेला असता तर पुन्हा सकाळच्या पावत्या गेल्या असत्या. या वेळी रिस्टिकच्या डंप कमांडने दहा वाजताचा स्नॅपशॉट काढला आणि पीजी-रिस्टोअरला फक्त भावाचा तक्ता मागितला, तोही एका रिकाम्या वेगळ्या डेटाबेसमध्ये. तिथून जुने भाव मूळ तक्त्यात घातले. दहानंतरचे दोन भाव दिवाणजींनी वहीतून सांगितले. काटा थांबला नाही. निवडून आणणं हे काम एकट्या रिस्टिकचं नाही, डंप कोणत्या स्वरूपात आहे यावरही ते अवलंबून आहे. साध्या एसक्यूएल मजकुराऐवजी पीजी-डंपचं कस्टम स्वरूप वापरलं म्हणूनच एक तक्ता वेगळा काढता आला.

जूनमध्ये वीज पडली आणि महाविद्यालयाचं मशीन डिस्कसकट गेलं. कोहाची पुस्तकं, सभासद, देवघेव सगळं त्यात. कोहाची स्वतःची डंप आणि रिस्टोअरची कमांड आहे आणि रात्रीचे डंप व्हारमधल्या स्पूलमध्ये पडतात, म्हणून रिस्टिककडून मी तेवढं एकच फोल्डर मागितलं. बॅकअपची दुसरी प्रत यवतमाळला एका मित्राकडच्या रेस्ट-सर्व्हरवर (रिस्टिकचे बॅकअप साठवणाऱ्या सर्व्हरवर) आहे, तीही फक्त भर घालता येईल अशा मोडमध्ये, म्हणजे इथलं मशीन कोणी बळकावलं तरी जुने स्नॅपशॉट पुसता येणार नाहीत. गावातल्या इंटरनेटवर पूर्ण सर्व्हर ओढायला दोन दिवस लागले असते. निवडल्यामुळे लागणारे तुकडेच उतरले आणि चहा होईपर्यंत डंप हातात आला. संध्याकाळी ग्रंथपाल मॅडमनी पहिलं पुस्तक दिलं.

खटकतं तेही सांगतो. पासवर्ड हरवला तर बॅकअप गेला, दुसरा रस्ताच नाही. तो मी लिफाफ्यात घालून जिनिंगच्या तिजोरीत ठेवला आहे. लाइन मध्येच गेली की रिपॉझिटरीवर, म्हणजे बॅकअपच्या साठ्यावर, जुनं कुलूप राहू शकतं आणि जुने स्नॅपशॉट काढायची पुढची सफाई अडते; दुसरं काही चालू नाही याची खात्री करून अनलॉक करावं लागतं. मात्र तोवर वर गेलेला बराचसा भाग वाया जात नाही. खिडक्या-बटणांचं अधिकृत रूप नाही, त्यामुळे दिवाणजींना एखादी फाइल स्वतः काढता येत नाही. मी माउंट करून देतो, मग ते तारखेच्या फोल्डरमधून उचलतात.

आणि पार्टिशन, एलव्हीएम, बूटलोडर हे रिस्टिकचं कामच नाही. तेही जसंच्या तसं उभं करायचं असेल तर रिलॅक्स-अँड-रिकव्हर आहे. ते मी सुट्या मशीनवर करून पाहिलं. काम चोख करतं, पण ते डिस्क पुसून नव्याने मांडतं. म्हणून रेस्क्यू प्रतिमा बनवल्यावर त्याची डिस्क-लेआउट फाइल उघडून बघायलाच हवी. ज्या डिस्कला हात लागायला नको, तिच्या ओळींपुढे टिप्पणीचं चिन्ह आहे का, ते पाहा. जिनिंगची डेटा डिस्क डोळ्यांपुढे ठेवून मी ती फाइल तीनदा वाचली आणि शेवटी नवा डेबियन आणि चौदा ओळींची यादी हाच मार्ग ठेवला.

ती यादी छापून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. शेवटची ओळ दिवाणजींनी पेनाने घातली: ‘आधी आजच्या पावत्या दुसऱ्या डिस्कवर आहेत का पाहणे.’ दसऱ्याआधी, काटा सुरू व्हायच्या अगोदर, ती यादी घेऊन सुट्या मशीनवर आम्ही दोघं पुन्हा एकदा पूर्ण रिस्टोअर करणार आहोत. या वेळी कीबोर्डवर दिवाणजी बसतील.