आठ आठवड्यांचं ऑनलाइन समुपदेशन: महामारीत केलं, रिव्ह्यू आता लिहितेय

हा रिव्ह्यू लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं, पण त्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की हात थांबायचा. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं विचारलं, तू महामारीत तो आठ आठवड्यांचा ऑनलाइन समुपदेशनाचा प्रोग्राम केला होतास ना, असलं काही खरंच उपयोगी पडतं का, की नुसतं दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगतात. तिला फोनवर सांगता सांगता पाऊण तास गेला, म्हटलं आता लिहूनच टाकते. नाव देत नाहीये, कारण मला तक्रारीही करायच्यात आणि एवढ्या दिवसांत तिथली माणसं, ॲप सगळंच बदललं असेल. त्यातलं काय घ्यावं आणि कशावर विसंबू नये एवढं सांगते.

आधी माझी अवस्था सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओनं कोविडला महामारी म्हटलं तेव्हा मला वाटलेलं की महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग घरून काम सुरू झालं, वर्ष उलटलं तरी तेच चालू. २०२१ मध्ये मला कोविड झाला आणि माझ्या पाठोपाठ बाबांना. मी घरातच बरी झाले, ते अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये. भेटायला परवानगी नाही, दिवसातून एकदा फोन यायचा, तो कधी येईल ते सांगता यायचं नाही, म्हणून मी आंघोळीला जातानाही मोबाइल सोबत घेऊन जायचे. बाबा घरी आले, हळूहळू बरे झाले, आणि त्यानंतर मी कोलमडले. रात्री चार-चारदा उठून त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे, ते झोपेत हात ओढून घ्यायचे, मी परत धरायचे. ९६ आकडा दिसला की हायसं वाटायचं, पण अर्ध्या तासात परत तीच धाकधूक, की मघाशी बरोबर लागलं होतं का. मग उरलेली रात्र मोबाइलवर बातम्या. सकाळी कामावर लॉगिन करायचं तेव्हा डोळे जळत असायचे.

तर अशा वेळी नाव नोंदवलं. पहिल्या आठवड्यात बोलणं वगैरे काही नाही, दोन प्रश्नावल्या भरून द्या म्हणाले. माझी चिडचिड झाली होती, मला माणसाशी बोलायचं होतं आणि हे फॉर्म भरायला लावतायत. आज विचाराल तर अख्ख्या प्रोग्राममधली सगळ्यात मोलाची गोष्ट त्या दोन प्रश्नावल्याच होत्या.

एक होती डब्ल्यूएचओची जीवनमानाची, म्हणजे आपलं जगणं आपल्याला कसं वाटतं त्याची, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ म्हणतात तिला. २६ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल, उत्तर १ ते ५ मध्ये. शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग. मला वाटलं होतं विचारतील रडू येतं का, उदास वाटतं का. उदास वाटण्याबद्दल होतंच, पण झोपेबद्दल समाधानी आहात का, गरजेपुरता पैसा आहे का, रोजच्या जगण्यासाठी लागणारी माहिती मिळते का, राहत्या घराची परिस्थिती कशी आहे, विरंगुळ्याला वेळ मिळतो का, हेही होतं. विरंगुळ्याच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. दिवसभर घरातच होते, कुठे येणं नाही जाणं नाही, आणि तरी आवडीचं म्हणून काही केल्याला किती महिने झाले ते आठवेना.

दुसरी प्रश्नावली ब्रीफ कोप, यातला 'कोप' इंग्रजी, म्हणजे ताणाला तोंड देणं. चार्ल्स कार्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये केलेली. २८ वाक्यं, ताण आला की माणूस काय काय करतो अशा १४ तऱ्हा, प्रत्येकीची दोन वाक्यं. काही नियोजन करता का, कुणाचा आधार घेता का, मन दुसरीकडे वळवता का, आहे ते स्वीकारता का, घडलंच नाही असं धरून चालता का, नशेकडे वळता का, असं सगळं. यात बरोबर-चूक काही नाही, किती वेळा करता तेवढंच १ ते ४ मध्ये सांगायचं. स्वतःला दोष देण्याबद्दलची दोन्ही वाक्यं आली तेव्हा मी जराही विचार न करता दोन्हीकडे ४ दाबलं. बोट आपोआपच तिकडे गेलं.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर ज्या मॅडम आल्या त्यांनी सुरुवातच तिथून केली. हे दोन ४ कशाबद्दल आहेत? मी सांगितलं, बाबांना माझ्यामुळे झालं. मला वाटलं आता म्हणतील तुमची काही चूक नाही, घरातले सगळे तेच म्हणत होते आणि मला ते खोटं वाटायचं. मॅडम तसं काहीच बोलल्या नाहीत. कागद घ्या म्हणाल्या, तारखा लिहा. ताप कधी आला, गुरुवारी. बाबांजवळ शेवटचं कधी बसलात, बुधवारी संध्याकाळी. ताप आल्यावर काय केलंत, त्याच तासाला वेगळ्या खोलीत गेले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की या आजारात लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच लागण पसरू शकते, आणि विचारलं, बुधवारी संध्याकाळी तुम्हाला काय माहीत होतं? मी कागदाकडे बघत राहिले. बुधवारी संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पूर्ण प्रोग्राम या एकाच गोष्टीवर उभा होता, काय हातात आहे आणि काय नाही. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार आहे तो, ताणाशी दोन प्रकारे झुंजता येतं, एक म्हणजे प्रश्नच सोडवायला घ्यायचा, दुसरं म्हणजे प्रश्नामुळे मनात जे उठतं ते सांभाळायचं. जिथे काही करता येण्यासारखं आहे तिथे पहिलं, जिथे नाही तिथे दुसरं. ऐकायला साधं वाटतं, पण मी नेमकं उलटं करत होते. बातम्या बघून महामारी थांबवायला निघाले होते, जी माझ्या हातात नव्हती, आणि झोप, जेवण, चालणं, जे हातात होतं, ते सोडून दिलं होतं.

ऑक्सिमीटरचं काय केलं ते सांगते, कारण हे बऱ्याच जणांच्या कामाला येईल. मॅडमनी तो बंद करा असं सांगितलं नाही. आधी डॉक्टरांना विचारा किती वेळा मोजायचं आणि कितीच्या खाली गेलं तर कळवायचं. डॉक्टर म्हणाले दिवसातून तीनदा पुरे, ९४ च्या खाली दिसलं तर फोन करा. मग वही केली. सकाळ, दुपार, रात्र, तीन रकाने, बस. हात गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून हात चोळून ऊब आणायची, मग मोजायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. रात्री जाग आली आणि मोजावंसं वाटलं तर उठायचं नाही, वहीतला शेवटचा आकडा वाचायचा. पहिल्या चार रात्री भयंकर गेल्या. पाचव्या की सहाव्या रात्री मी वही न बघताच परत झोपले.

झोपेसाठी जे दिलं तेही असंच सरळ. साधारण वीस मिनिटं झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या जागी बसायचं, झोप आली की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. ही रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञांची १९७२ मधली पद्धत आहे. अंथरुणात मोबाइल नाही हे ओघानं आलंच. दिवसातली अर्धा तास 'काळजीची वेळ' पण ठरवायला लावली, इतर वेळी काळजी मनात आली की कागदावर टिपून ठेवायची आणि त्या अर्ध्या तासात काढायची. मला हे फारसं जमलं नाही, पण गटातल्या एका ताईंना याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

गटाची सेशन्स ठीकठाक. आठ जण, निम्मे कॅमेरा बंद ठेवून.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, माझ्या मॅडम पाचव्या आठवड्यात बदलल्या, आणि ते मला लिंक उघडल्यावर समोर नवीन चेहरा दिसला तेव्हा कळलं. नवीन बाई वाईट नव्हत्या, पण बाबांची सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, मधेच मला रडू आलं आणि सेशनची वेळ संपली. महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं असं डब्ल्यूएचओनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं, त्यामुळे समुपदेशकांवर केवढा भार असेल ते मी समजू शकते. पण एक मेसेज तरी करा. असल्या कामात माणूस बदलणं म्हणजे छोटी गोष्ट नाही.

दुसरी तक्रार ॲपच्या रिपोर्टची. ब्रीफ कोपच्या उत्तरांचं त्यांनी चक्क हिरवं-लाल वर्तुळ करून दिलं होतं, हिरवं म्हणजे चांगल्या सवयी, लाल म्हणजे वाईट. मन दुसरीकडे वळवणं त्यांनी लालमध्ये टाकलेलं. कार्व्हर यांनी स्वतः या प्रश्नावलीला अशी एकूण बेरीज ठेवलेलीच नाही, चौदा तऱ्हा वेगवेगळ्या बघायच्या असतात. आणि बाबा हॉस्पिटलमध्ये असताना, फोनची वाट बघण्याखेरीज काहीच करता येत नव्हतं तेव्हा, मी जुने फोटो लावत बसायचे, त्यानंच माझे ते अकरा दिवस निभले. त्याला लाल रंग दिलेला बघून मला फार लागलं. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या त्या वर्तुळाकडे बघूच नका.

तिसरी, खाजगीपणा. त्या २६ प्रश्नांत लैंगिक आयुष्याबद्दलही एक प्रश्न आहे, असायलाच हवा, पण घरात सतत चार माणसं असताना हे कुठे बसून भरायचं, कुठे बोलायचं, याचा कुणी विचारच केला नव्हता. मी जिन्यात बसून सेशन केलीत. लिहून बोलायची सोय सहाव्या आठवड्यात आली.

शेवटी परत तीच जीवनमानाची प्रश्नावली भरली. शरीराचा भाग बराच वर आला, तो मुख्यतः झोपेमुळे. मनाचाही आला. नात्यांचा थोडा. भोवतालच्या परिस्थितीचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला, आणि नवीन बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की तो तुमच्या श्वासानं किंवा वहीनं वर येणार नाही, नोकरीची शाश्वती, घरातली जागा, दवाखाना जवळ असणं, या गोष्टी बाहेरच बदलाव्या लागतात. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण तोवर उरलेलं सगळं मलाच जमत नाहीये असं वाटत होतं.

मैत्रिणीला मी सांगितलं, घे, पण नाव नोंदवायच्या आधी त्यांना विचारून घे की आठही आठवडे एकच समुपदेशक मिळणार का, प्रश्नावलीचा रिपोर्ट माणूस समजावून सांगणार की ॲप, आणि बोलायला घरात जागा नसेल तर काय सोय आहे. याची उत्तरं देताना गोलगोल बोलले तर दुसरीकडे बघ. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर अशा प्रोग्रामची वाट बघत बसायचं नाही, थेट डॉक्टरकडे किंवा हेल्पलाइनला, त्याच दिवशी. ती म्हणाली तेवढं नाहीये, झोप येत नाही फक्त. मग मी तिला माझ्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला, ते तीन रकान्यांचं.