आल्प्समधलं शॅलेचं बुकिंग आणि आमचे गेलेले १६८० युरो

हे लिहायला मला खूप दिवस लागले, कारण पैसे माझ्या एकटीचे नव्हते, तीन घरांचे होते आणि गोळा मी केले होते. पण इकडे दर हिवाळ्यात नवीन मराठी कुटुंबं येतात, पहिल्याच डिसेंबरात सगळ्यांना स्कीला जायचं असतं, म्हणून भाड्याच्या खोट्या घराच्या जाहिरातीत आम्ही कसे फसलो ते जसं घडलं तसं सगळं सांगते.

आम्ही फ्रान्समध्ये ग्रेनोबलला राहतो, २०२० च्या शेवटी आलो. पहिला हिवाळा कोविडमुळे स्कीसाठी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंदच होत्या, नुसती प्लॅस्टिकची घसरगाडी घेऊन बर्फात जायचो. पुढच्या वर्षीपासून मात्र वेडच लागलं. हे गावच तसं आहे, तिन्ही बाजूंना डोंगर, वेरकोर, शार्त्रूज आणि बेलदोन, आणि बसमध्ये बसलं की तासाभरात शामरूस हे स्कीचं गाव, जिथे १९६८ च्या ऑलिम्पिकच्या स्की शर्यती झाल्या. इकडे शरद ऋतूत जुन्या स्कीचा बाजार भरतो, तिथून मुलीचे बूट घ्यायचे, सकाळच्या बसने वर जायचं, डब्यात थालीपीठ, संध्याकाळी परत. उरलेल्या सुट्ट्यांत तुरीन, जिनिव्हा, मिलान, सगळं ट्रेनने किंवा बसने. थोडक्यात आम्ही नवखे नव्हतो, हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर प्रत्येकाने मला विचारलं की अगं तुला कसं कळलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आई-बाबा येणार होते. त्यांच्या व्हिसासाठी नगरपालिकेतून राहण्याच्या सोयीचा दाखला काढायचा, त्याचे ३० युरोचे स्टॅम्प, अपॉइंटमेंट, यात डिसेंबर गेला आणि फिरायला जायचं बुकिंग राहूनच गेलं. आईला एकच इच्छा, बर्फ पडताना बघायचा, नुसता पडलेला नाही. बाबांच्या गुडघ्यामुळे जाऊन-येऊन दमवायचं नव्हतं, म्हणून वरच तीन रात्री राहायचं ठरलं. आम्ही पाच, पुण्याचं एक चौघांचं कुटुंब आणि नवऱ्याच्या ऑफिसातला कोल्हापूरचा एक मुलगा, असे दहा जण.

आता इथली एक गोष्ट समजून घ्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. फ्रान्समध्ये फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्ट्या तीन झोनमध्ये वेगवेगळ्या आठवड्यांत असतात आणि त्या महिन्यात स्की गावांतली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच देतात. आम्हाला हवं होतं शुक्रवार २३ ते सोमवार २६ फेब्रुवारी, म्हणजे मध्ये शनिवार येतो आणि घरमालकाचे दोन्ही आठवडे मोडतात. ऐन सीझनला खरा मालक असं करेल का? पण एका जाहिरातींच्या साइटवर आम्हाला नेमकं तेच मिळालं. आल्प द्युएझ या स्की गावाच्या खालच्या जुन्या गावात अख्खं शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, चार बेडरूम, शेकोटी, तीन रात्रींचे ११८० युरो. बाकी ठिकाणी याच्या दुप्पट सांगत होते, तेही पूर्ण आठवडा घेणार असाल तर. मी म्हटलं कुणाचं तरी कॅन्सल झालं असेल, नशीब आपलं.

माणूस फार चांगला बोलायचा. साइटवरून लगेच व्हॉट्सॲपवर आला, म्हणाला साइटचं कमिशन वाचेल तुमचं. फ्रेंच स्वच्छ, उत्तरं वेळेवर. करारनामा पाठवला, त्यात पत्ता, तारखा, नियम सगळं व्यवस्थित, सोबत स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो. आमच्याकडूनही करारासाठी पासपोर्ट आणि रहिवासी कार्डाचा फोटो मागितला, नवऱ्याने दोन्ही पाठवले. टायरच्या साखळ्या आणा हं, नोव्हेंबर ते मार्च त्या किंवा हिवाळी टायर कायद्याने लागतात, असंही त्यानेच आठवण करून दिलं. राकलेटचं, म्हणजे चीज वितळवून खायचं, मशीन किचनच्या खालच्या कपाटात आहे म्हणाला. आई-बाबा भारतातून येताहेत कळल्यावर, त्यांना खालच्या मजल्यावरची खोली द्या, जिना उंच आहे, असं लिहिलं त्याने. या एका वाक्यावर मी त्याच्यावर विश्वास ठेवला, अजून आठवलं की पोटात कालवतं.

पैसे बँक ट्रान्सफरने. जानेवारीत अर्धे ५९० दिले, उरलेले ५९० आणि ५०० डिपॉझिट निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी. अकाउंट नंबर एल-टी ने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियाचा, फ्रान्सचा एफ-आर ने सुरू होतो. विचारलं तर म्हणाला मुलीचं ऑनलाइन बँकेचं खातं आहे. आता युरोपात दुसऱ्या देशातलं खातं असणं काही गुन्हा नाही, आमच्याच ओळखीत कितीतरी जणांची आहेत, त्यामुळे मला खटकलं नाही. खटकायला हवं होतं ते वेगळंच, घर एकाच्या नावावर, ओळखपत्र त्याचं आणि खातं दुसऱ्याच कुणाचं. त्याने लिफ्टचे पासही स्वस्तात देतो म्हटलेलं, ते मात्र आम्ही घेतले नाहीत, कारण पास नावाचा असतो आणि दुसऱ्याला चालत नाही हे माहीत होतं. तिथेही थांबून विचार केला नाही की घरमालक पास कशाला विकेल.

शुक्रवारी संध्याकाळी दोन गाड्या निघाल्या. बूर्ग द्वासाँ या पायथ्याच्या गावापासून वर चढणारी ती प्रसिद्ध २१ वळणं, प्रत्येकावर नंबर असतो आणि ते खालून वर उलटे येतात, २१, २०, १९. मुलगी मोठ्याने मोजत होती आणि तेवढ्यात बर्फ पडायला लागला. आईने काच खाली करून हात बाहेर काढला. तेवढा एक क्षण माझ्याजवळ आहे.

पत्त्यावर घर होतं, पण फोटोतलं नव्हतं. दगडी, जुनं, आत दिवा. बेल वाजवली तर सत्तरीच्या पुढच्या एक बाई बाहेर आल्या, आमच्या बॅगा बघितल्या आणि मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, या हिवाळ्यात तुम्ही तिसरे. त्यांचं घर कधीच भाड्याने नव्हतं, फक्त पत्ता वापरला होता. पुण्याच्या मैत्रिणीकडे मला बघवेना. बाईंनी आई-बाबांना आणि मुलांना आत घेतलं, काढा करून दिला, आईला एक शब्द फ्रेंच येत नाही पण दोघी तासभर एकमेकींचा हात धरून बसलेल्या. जवळची हॉटेलं फोन करून पाहिली, दहा माणसांना कुठेच जागा नाही, शेवटी साखळ्या चढवून रात्री त्याच वळणांवरून खाली, मुलं झोपलेली, गाडीत कुणी काही बोललं नाही. ग्रेनोबलला पोचलो तेव्हा एक वाजला होता.

इथपर्यंतची चूक कुणाचीही होऊ शकते असं मला वाटतं. यापुढची मात्र माझी.

त्याच रात्री त्या जाहिरातवाल्या माणसाला मेसेज टाकला होता, शिव्याच घातल्या होत्या खरंतर, आणि त्याचं उत्तर आलं. माफ करा, साफसफाईवालीने चुकीचा पत्ता टाकला करारात, मी प्रवासात आहे, सोमवारी पूर्ण पैसे परत पाठवतो. आणि मी वाट बघितली. का तर ग्रुपमध्ये सांगायची लाज वाटत होती, पैसे परत आले तर सांगायची वेळच येणार नाही असं वाटलं. सोमवारी म्हणाला बँकेत अडकलेत, मंगळवारी ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट पाठवला, तोही खोटाच. बुधवारी नंबर बंद. मग बँकेत गेले. तिथल्या बाईने आधी विचारलं ते हे, शुक्रवारी रात्री का नाही फोन केला? फसवणुकीसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो. गुरुवारचे १०९० युरो साध्या, म्हणजे लगेच न पोचणाऱ्या, ट्रान्सफरने गेले होते, म्हणजे शुक्रवारी कुठेतरी पोचले असणार. ताबडतोब सांगितलं असतं तर निदान परत मागवायचा प्रयत्न वेळेत झाला असता, मिळाले असते की नाही सांगता येत नाही. बुधवारी विनंती पाठवली, तिकडच्या बँकेचं उत्तर आलं खात्यात काही शिल्लक नाही. आणि ट्रान्सफर आम्ही स्वतः, स्वतःच्या पासवर्डने केलेली, त्यामुळे आमची बँक भरपाई देईना. कार्डने भरले असते तर निदान व्यवहाराला आव्हान द्यायची एक वाट असते. तो सोमवारचा वायदा, तो खोटा स्क्रीनशॉट, हे सगळं तेवढ्यासाठीच होतं, आम्ही बँकेला फोन करू नये म्हणून.

तक्रार टेझे नावाच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर करता येते, २०२२ पासून आहे, खोट्या भाड्याच्या घरांच्या तक्रारी तिथे घेतात, पण मला ती नंतर कळली, आम्ही जाँदार्मरीत, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, गेलो. तिथल्या तरुण शिपायाने सगळं शांतपणे लिहून घेतलं, एकदाही आम्हाला मूर्ख ठरवलं नाही. त्या माणसाचं ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला हा बहुतेक तुमच्यासारखाच आधी फसलेला कुणीतरी आहे. मग त्याने विचारलं, तुम्ही कुठली कागदपत्रं पाठवलीत?

तोपर्यंत आमच्या डोक्यात फक्त पैसे होते. नवऱ्याचा पासपोर्ट त्या माणसाकडे आहे, पुढच्या कुटुंबाला तोच दाखवून म्हणेल मी घरमालक, हे ऐकून नवरा खुर्चीत तसाच बसून राहिला. पैशाचं दुःख संपतं हो, हे संपत नाही. अजून अनोळखी नंबरवरून फोन आला की तो दचकतो. म्हणून आता कुणालाही कागद पाठवायचा तर आम्ही आधी त्यावर वॉटरमार्क टाकतो, कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. फ्रेंच सरकारची फिलिग्रान फासील नावाची फुकट सेवा आहे, दोन मिनिटांत होतं.

जाहिरातीतले फोटो नंतर इमेज सर्चमध्ये टाकले तर ऑस्ट्रियातल्या तिरोलमधल्या एका घराचे निघाले. ऑफिसातल्या एका इथल्याच सहकाऱ्याने तर एका नजरेत सांगितलं की अशी कोरीव लाकडाची बाल्कनी या भागातली नाही, इकडची जुनी घरं दगडी. निघायच्या आधी फोटो कुणा स्थानिकाला दाखवायचं सुचलंच नाही. त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाला एक ईमेल टाकला असता तरी कळलं असतं.

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ट्रान्सफरच्या आधी खात्याचं नाव आणि नंबर जुळतात का ते दाखवावं लागतं. चांगलं झालं, पण आमच्या बाबतीत त्याने स्वतःच सांगितलं होतं खातं मुलीच्या नावावर आहे, म्हणजे नाव जुळलंच असतं. जुळलं म्हणजे माणूस खरा असं धरू नका.

पुण्याच्या मैत्रिणीचे आणि त्या कोल्हापूरच्या मुलाचे पैसे मी परत देऊ केले, मुलाने घेतले नाहीत, मैत्रिणीने अर्धे घेतले. आमच्यात आधीसारखं बोलणं व्हायला पावसाळा उजाडला. आई-बाबांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसने शामरूसला नेलं, ऊन होतं, बर्फ पडला नाही.

ज्यांच्या घराची बेल वाजवली होती त्या बाईंना आम्ही मे महिन्यात भेटायला गेलो, आईने सांगलीहून पाठवलेली शाल द्यायला. त्यांनी फाटकावर फ्रेंचमध्ये पाटी लावली होती, खाली इंग्रजीतही लिहून द्या म्हणाल्या. नवऱ्याने लिहिलं: हे घर भाड्याने नाही, पैसे भरले असतील तर इथूनच, आत्ता, बँकेला फोन करा. आणि त्याखाली फसवणुकीसाठीचा सरकारी मदतीचा फुकट नंबर, ० ८०५ ८०५ ८१७. बाई म्हणाल्या अजून एक ओळ घाला, बाहेर थंडी असेल तर बेल वाजवा.