हायवेच्या मोबदल्यात माझे ५ लाख ४० हजार गेले. रस्त्यालगतच्या खातेदारांनी हे वाचाच

गावाचं नाव लिहीत नाही. अर्ज पोलिसांत पडून आहे आणि भावकीही आहे. पुणे जिल्ह्यात, शहरापासून सव्वा तासावर, हायवेच्या दोन्ही अंगांना वसलेलं गाव, एवढं पुरे. माझी प्रिंटिंग प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं आणि रबरी शिक्के. बावीस वर्षं हेच करतोय. शिक्क्यांचं आधीच सांगून ठेवतो, कारण मी फसलो ते एका शिक्क्यावर, आणि ते आठवलं की अजूनही रात्री उठून बसतो.

आकडे आधी देतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वाढवून सांगतोय. ३ मार्च २०२५ ला रोख १५,०००. ११ मार्चला यूपीआयने ६०,०००. २७ मार्चला रोख १,२५,०००. ११ जूनला चेकने ३,४०,०००. एकूण ५,४०,०००. शिवाय पाचशेच्या दोन स्टॅम्प पेपरवर माझ्या सह्या आहेत. ते कागद आज कुठे आहेत मला माहीत नाही.

रस्ता रुंद होणार हे चार वर्षं ऐकत होतो. मग एके दिवशी माणसं आली आणि भिंतीवर लाल रंगाचे बाण मारून गेली. माझ्या प्रेसचा बाण शटरपासून अकरा फूट आत, बरोबर कटिंग मशीनच्या मागे. त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. बायपास मागणारे एका बाजूला, कारण त्यांची घरं जातात. बायपास नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला, कारण गाडी बाहेरून गेली तर वडापावच्या गाडीपासून लॉजपर्यंत सगळ्यांचा धंदा बसतो. एसटी थांबा हलवला. मधे दुभाजक आला आणि पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना दीड किलोमीटरचा वळसा पडायला लागला. चिंचा तोडल्या. शेजारच्याला गुंठ्याला किती मिळाले हे विचारताना माणसं आवाज खाली घ्यायला लागली. सख्ख्या भावांत बोलणं बंद झालेली तीन घरं मला माहीत आहेत, त्यातलं एक आमचं.

हे लिहितोय ते सबब म्हणून नाही. पण अशा वातावरणात कुणी शांतपणे येऊन "शेठ, तुमची फाईल मी बघितलीय" म्हणाला तर माणूस त्याला खुर्ची देतो. मीही दिली.

पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. महसूल खात्यातून निवृत्त झालो म्हणाला. फोल्डरमध्ये आमच्या गटाचा नकाशा, सातबारा, आठ-अ. यात विशेष काही नव्हतं, सातबारा आज कुणीही महाभूलेखवर बघू शकतो. पण त्याने माझ्या बांधकामाच्या मूल्यांकनाचा आकडा सांगितला: ६ लाख १२ हजार. तो तोवर मलाही माहीत नव्हता. तीन महिन्यांनी मोबदल्याचा निवाडा हातात पडला तेव्हा आकडा तोच होता, रुपयाचाही फरक नाही. बाहेरच्या माणसाकडे तो कुठून आला? हा प्रश्न मी चार ठिकाणी विचारलाय. चारही ठिकाणी समोरच्याने फक्त कागद खालीवर केले.

त्याचं म्हणणं असं: "बांधकाम विभागाच्या माणसाने तुमचं पक्कं आरसीसी पत्र्याचं शेड म्हणून धरलंय. संयुक्त मोजणीला तुम्ही हजर नव्हता ना?" नव्हतो. लग्नसराई होती, मी रविवार पेठेत कार्डं आणायला गेलो होतो. परत आलो तर मोजणी उरकली होती आणि शेजाऱ्याने पंच म्हणून सही केली होती. ते त्याला ठाऊक होतं. "फेरमूल्यांकनात १६ लाखांवर जाईल, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. बत्तीस लाख, शेठ." दिलासा रकमेचं खोटं नव्हतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ती मिळते आणि १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनालाही लागू आहे. खोट्यात असं नेमकं खरं मिसळलं की माणूस पुढचं तपासत नाही.

आता ती पावती.

६०,००० दिल्यावर दोन दिवसांनी त्याने पावती आणून दिली. छापील, खाली सही, गोल शिक्का. मजकूर होता "कलम ३-सी अन्वये हरकत व फेरमूल्यांकन शुल्क". हे कलम राष्ट्रीय महामार्ग कायद्यातलं, पुढची ३-ए, ३-डी, ३-जी हीही त्यातलीच. मी पावती काउंटरवर ठेवली. आमच्याकडे डीटीपी करणारा पोरगा आहे, एकवीस वर्षांचा. त्याने सहज उचलली आणि म्हणाला, "काका, यात 'भु' पहिला आहे."

भूसंपादनातल्या भ ला पहिला उकार. शिवाय शिक्का फ्लॅशचा, म्हणजे आतच शाई भरलेला, पॅड न लागणारा. ज्याने शिक्के केलेत त्याला हे उजेडात धरूनही बघावं लागत नाही. पॅडवर दाबून मारलेला शिक्का कुठे गडद, कुठे फिका उठतो, एखादी कड सुटते. हा सगळीकडून सारखा, नवाकोरा, जांभळा. असले शिक्के मी दिवसाला तीन-चार करून देतो. फोटो आणि मजकूर दिला की अर्ध्या तासात तयार.

मी पोराला म्हणालो, "सरकारी शिक्क्यात चुका असतातच रे. तू पत्रिका लाव."

एवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवलेली होती. २०२३ मध्ये ३-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना पेपरात आली तेव्हा गावाच्या कृती समितीसाठी हरकतींचे चारशे छापील अर्ज मीच काढून दिले होते, फुकट. त्यात मथळ्याखाली मीच जाड टाइपात टाकलं होतं: "कलम ३-सी, मुदत २१ दिवस". ती मुदत केव्हाच संपली होती. २०२४ मध्ये ३-डी ची घोषणा राजपत्रात आली, म्हणजे जमीन सरकारजमा झाली. त्यानंतर ३-सी ची हरकत कसली? आणि ३-सी मुळात मूल्यांकनासाठी नसतेच, ती जमीन घेण्यालाच हरकत असते. हे मला माहीत होतं. मी स्वतः छापलं होतं. तो नमुना अर्ज मशीनच्या वर टेपने लावलेला होता, आणि त्याच्याखाली उभा राहून मी ३-सी ची पावती घडी घालून खिशात ठेवली.

लोक विचारतात, मग का नाही कळलं? कळायचं नव्हतं म्हणून. बत्तीस लाखांत पलीकडे गाळा घेता येणार होता, मशीन हलवता आली असती, कर्ज फिटलं असतं. आणि खरं सांगतो, १,२५,००० पैकी काही "वर" जाणार असं त्याने सूचित केलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. हे लपवलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. पण तेव्हा माझ्या मनात लाच असा शब्द नव्हता. सगळे देतात, आपणच मागे राहू, एवढंच होतं. तुमच्याकडे कुणी असं मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधकचा नंबर १०६४ आहे. देण्याआधी फोन करा. दिल्यावर तुम्हीही कचाट्यात येता.

यूपीआय करताना नाव आलं ते कुठल्याशा टेलिकॉम दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, "चलन मी भरतो, सर्व्हर डाऊन असतो." सरकारी शुल्क ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून भरलं की चलनावर जीआरएन क्रमांक येतो. तो क्रमांक नसेल तर शुल्क भरलेलं नाही, समोरचा काहीही सांगो.

चेकचं असं झालं. बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत, थोरल्या भावाशी बोलणं बंद. हा म्हणाला, वाटणीचा वाद लागला की मोबदला दिवाणी कोर्टात जमा होतो आणि वर्षानुवर्षं अडकतो. हेही खरंच आहे. त्यावर उपाय म्हणून स्टॅम्प पेपरवर "हमीपत्र" आणि सिक्युरिटीला दोन कोरे चेक. ९ जूनला मोबदला खात्यात आला. बांधकामाचे तेच ६,१२,०००, वर तेवढीच दिलासा रक्कम, आणि जमिनीचा माझा हिस्सा. फेरमूल्यांकन नाहीच. त्याला फोन केला तर "बघतो, शेठ" म्हणाला. ११ जूनला दुपारी बँकेचा मेसेज: ३,४०,०००. त्यानंतर फोन बंद. दुसरा चेक मी त्याच दिवशी धावत जाऊन थांबवला. कोरा चेक कुणालाही देऊ नका, भावाला देऊ नका.

बँक म्हणाली, सही जुळते, आम्ही काय करणार. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. मार्चचा व्यवहार, तक्रार जूनमध्ये. त्यांनी नोंद घेतली, पण त्या खात्यात ४१२ रुपये उरले होते. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो.

मग पोलीस. आमच्या ग्रामीण हद्दीतले म्हणाले, पैसे पुण्यात हॉटेलात दिले ना, शहरात जा. शहरातले म्हणाले, जमीन तिकडे, तुम्ही तिकडचे, तिकडे जा. पाच खेपा. प्रत्येक खेपेला दुकान बंद, एसटी, उपाशी बाकावर बसणं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यायचा असतो, नवीन न्याय संहितेच्या जोडीला आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी ते कलम छापून नेलं. ठाणे अंमलदाराने वाचलंही नाही. "आम्हाला कायदा शिकवता का? आणि तुम्ही तरी पैसे कशाला दिले?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. ज्याने घेतले त्याला तो अजून कुणी विचारलेला नाही. शेवटी "अर्ज देऊन ठेवा" म्हणाले. पोच मागितली तर म्हणे शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि साहेब बंदोबस्तावर.

भूसंपादनाच्या कार्यालयाचं तर बोलायलाच नको. पावती बघून कारकून हसला. "हा शिक्का आमचा नाही." मी म्हटलं, एवढंच एका ओळीत लिहून द्या, मला पोलिसांना दाखवायचंय. नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला, उत्तर आलं की सदर पावती कार्यालयाच्या अभिलेखात आढळत नाही. म्हणजे खोटी आहे असं म्हणायलाही तयार नाहीत. आणि तो माणूस त्याच कार्यालयाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर महिनोन्‌महिने बसायचा. येता-जाता लोक त्याला नमस्कार घालत होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याच्यावर विश्वास ठेवला त्यात तो नमस्कारही होता. आज त्याच लोकांना तो आठवत नाही. आमचे अकरा फूट घ्यायला आले तेव्हा यांच्याकडे माणसं होती, रंग होता, फीत होती, पोलीस बंदोबस्त होता. एक ओळ लिहायला माणूस नाही.

अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, त्याची पोच तरी पोस्टाची मिळाली. आता वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातोय.

ज्यांचा निवाडा अजून व्हायचाय त्यांनी संयुक्त मोजणीला हजर राहा, लग्नघर असलं तरी. आरसीसी आहे की पत्रा, कागदावर काय लिहितात ते वाचल्याशिवाय सही नको. बांधकामाचे तारखेसह फोटो काढून ठेवा. ३-जी ची, म्हणजे मोबदल्याचे दावे मागवणारी, नोटीस पेपरात आली की दावा साध्या कागदावर द्या आणि आवक क्रमांक घ्या. निवाडा कमी वाटला तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे ३-जी (५) खाली अर्ज करता येतो. त्याला मध्यस्थ लागत नाही. माझा अर्ज मी स्वतः टाइप केला, दोन पानं झाली. बाहेरचे लोक त्याचे टक्के मागतात.

पुढची भिंत गेली. प्रेस आता मागच्या खोलीत आहे. ती पावती मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. गावात निदान सहा घरांत तशाच पावत्या आहेत असं कानावर आलंय, पण लाजेने कुणी बोलत नाही. तुमच्याकडे असेल तर आज बाहेर काढा आणि शिक्का बघा. 'भु' पहिला असेल तर रागाने फाडू नका. एकट्या माझ्या पावतीवर गुन्हा दाखल होईना, सहा एकत्र टेबलावर ठेवल्या तर त्यांना पुढे घ्यावं लागेल. मी यायला तयार आहे, कुठल्याही दिवशी.